भावंड गेलेल्या मुलासाठी गोष्टीचं पुस्तक: कुठलं द्यावं आणि कधी?

वाचनवेल

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी मुलांसाठी छोटंसं वाचनालय चालवते. एक कपाट, एक सतरंजी आणि येतील तेवढी मुलं. त्यातल्या एका मुलीचा मोठा भाऊ या पावसाळ्यात आजारपणात गेला. ती तिसरीत, तो सातवीत होता. मध्ये ती येत नव्हती, आता परत यायला लागलीये. येते, कपाटासमोर उभी राहते, पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते, म्हणजे वरवर बघितलं तर काहीच बदललेलं नाही.

परवा तिची आई भेटली. म्हणाली, ताई, तुमच्याकडे भाऊ गेलेल्या मुलीची गोष्ट आहे का हो एखादी? तिला वाटतं असं जगात फक्त आपल्याच घरी झालंय. मी सगळं कपाट उलथंपालथं केलं. आजी जाते अशा गोष्टी आहेत, आजोबा जातात, कुत्रा मरतो, मासा मरतो, राजपुत्राचे आईवडील तर पहिल्या पानावरच गेलेले असतात. पण भाऊ किंवा बहीण गेलीये आणि मागे राहिलेल्या मुलाचीच गोष्ट आहे असं एकही पुस्तक सापडलं नाही.

तर दोन प्रश्न. अशी पुस्तकं कुठली माहितीयेत? मराठी असेल तर सोन्याहून पिवळं, इंग्रजी-हिंदीही चालेल, मी वाचून सांगेन. आणि दुसरं, इतक्या लवकर असं पुस्तक द्यावं का? माझं मत द्यावं असंच आहे, पण तुमचे अनुभव ऐकायचेत.

तळटीप

रुमाल टाकून ठेवतो. या विषयावरची बरीच पुस्तकं वाचलीयेत, रात्री जेवणं उरकली की सविस्तर लिहितो.

घाटमाथा

मला नाही पटत हे. पोरगी एवढ्या मोठ्या प्रसंगातून गेलीये, घरात चोवीस तास तेच वातावरण असणार, येणारा-जाणारा तेच बोलणार, हारातला फोटो समोर. आठवड्यातून एक दिवस ती तुमच्या सतरंजीवर येते ती बहुतेक त्यातून सुटायलाच येते आणि तिथंही आपण तिच्या हातात तेच द्यायचं? तिला फास्टर फेणे द्या. सायकलवरून सुसाट सुटू दे बन्याबरोबर. हसू दे.

अस्मानी

@घाटमाथा दादा, तुमची कळकळ समजते, पण इथे आईने स्वतःहून विचारलंय आणि मुलीचं वाक्यही सांगितलंय. "असं फक्त आपल्याच घरी झालंय" म्हणणाऱ्या मुलीला फास्टर फेणे कितीही आवडला तरी त्या वाक्याचं उत्तर त्यात नाही. दोन्ही ठेवा ना कपाटात. निवडू दे तिला.

घाटमाथा

निवडू दे याला माझी हरकत नाही. हातात कोंबायला आहे.

पिंपळपान

पुस्तक नाही पण सिनेमा चालेल का? बिग हिरो ६, डिस्नेचा, २०१४ चा. माझ्या मुलाने तो गोबरा पांढरा रोबो बघायला म्हणून लावला आणि मला नंतर कळलं की अख्खा सिनेमा मोठा भाऊ गेलेल्या मुलाचा आहे. हिरो नावाच्या त्या मुलाचा दादा तादाशी आगीत जातो, आणि त्याने बनवलेला बेमॅक्स मागे उरतो. हिरो काही काळ फक्त चिडलेला असतो, ज्याने हे केलं त्याला संपवायचं एवढंच डोक्यात. मग बेमॅक्स त्याला दादाचे जुने व्हिडिओ दाखवतो, दादा पुन्हा पुन्हा चाचणी करतोय, पुन्हा पुन्हा फसतोय, तरी परत उभा राहतोय. तिथे माझा मुलगा अगदी गप्प झाला होता. त्याला सख्खं भावंड नाही तरीही.

बोरकूट

+१ बेमॅक्स. आमच्याकडे अजूनही कुणाला लागलं खरचटलं की "वेदना एक ते दहामध्ये किती?" असं विचारतात. आजींनासुद्धा. आजी प्रत्येक वेळी बारा सांगतात.

तळटीप

हां, आलो. जरा लांबण लागेल.

पहिलं लोइस लोरीचं 'अ समर टू डाय', १९७७ चं, तिची पहिली कादंबरी. तिची स्वतःची मोठी बहीण हेलन तरुणपणीच कॅन्सरने गेली होती, त्यातून हे आलंय. मेग आणि मॉली या दोघी बहिणींना एका खोलीत राहावं लागतं, मॉली सुंदर, नीटनेटकी, सगळ्यांची लाडकी, आणि मेगला तिचा हेवा वाटतो. मॉली तर खडूने खोलीच्या मधोमध रेघ मारते, हा भाग तुझा, हा माझा. आणि मग मॉलीला ल्युकेमिया होतो. या पुस्तकात मला मोलाचं वाटतं ते हे की लेखिकेने मेगचा हेवा पुसून टाकलेला नाही. बहीण आजारी पडली म्हणून मेग एका रात्रीत संत होत नाही.

दुसरं सिंथिया काडोहाटाचं 'किरा-किरा', २००४ चं, २००५ चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतलं बालसाहित्याचं) मिळालेलं. अमेरिकेतलं जपानी कुटुंब, १९५० चं दशक, जॉर्जियातलं छोटं गाव, आईवडील कोंबड्यांच्या धंद्यात राबराब राबतात, त्यांना घरी थांबायला वेळच नाही. मोठी बहीण लिन आजारी पडते आणि धाकटी केटी तिचं करते. करता करता चिडतेही तिच्यावर. लिन गेल्यावर ती चिडचीड केटीला किती टोचत असेल ते सांगायला नको. यात गरिबी, कामगारांचं जिणं, वंशभेद सगळं आहे, तिसरीतल्या मुलीला थेट देण्याजोगं नाही, पाचवी-सहावीला चालेल.

तिसरं कॅथरीन अर्स्किनचं 'मॉकिंगबर्ड', २०१० चं, नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेलं. केटलिनला अ‍ॅस्पर्गर (एक प्रकारचं ऑटिझम) आहे, तिचा भाऊ डेव्हन शाळेतल्या गोळीबारात गेलाय. तोच तिला जगाचे नियम समजावून सांगणारा होता, कुठे हसायचं, कुठे नाही. तो लाकडाची एक पेटी बनवत होता, ती अर्धवट राहिलीये आणि दिवाणखान्यात चादर टाकून ठेवलीये. बाप त्या चादरीकडे बघत नाही. मुलीला मात्र ती पेटी पुरी व्हायला हवीये. मला या पुस्तकातला बाप फार जवळचा वाटला, कारण दुःखात मोठ्यांचं असंच होतं, आपण चादर टाकतो.

आणि तिसरीतल्या मुलीसाठी नेमकं हवं असेल तर रिचा झा यांचं 'बू! व्हेन माय सिस्टर डाइड' बघा. भारतीय चित्रपुस्तक आहे, इंग्रजीत, चित्रं गौतम बेनेगल यांची. नूरीची बहीण झोया गेलीये. छोटं आहे, एका बैठकीत होतं. नावं आपल्याकडची, घर आपल्याकडचं. बर्फ, स्लेज, ख्रिसमस असलं मध्ये काही येत नाही.

वाचनवेल

तळटीप, काय लिहिलंत हो! वाचनखूण साठवली. 'बू' आजच मागवते.

सालसा_ते_सासवड

"आपण चादर टाकतो". अगदी.

उत्तरध्रुव

मी स्टॉकहोमला असते, त्यामुळे मी अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनचं 'ब्रदर्स लायनहार्ट' सांगितलं नाही तर मला इथल्या शेजारणी घरात घेणार नाहीत. १९७३ चं पुस्तक. कार्ल दहाच्याही आतला, आजारी, स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपून असतो. घरातल्यांच्या बोलण्यातून त्याला कळतं की आपण मरणार आहोत. तेरा वर्षांचा मोठा भाऊ योनातान त्याला धीर द्यायला सांगतो की मेल्यावर नांगियाला नावाच्या देशात जायचं असतं, तिथे अजून शेकोट्यांचा आणि गोष्टींचा काळ चाललाय. आणि मग होतं उलटंच. घराला आग लागते, योनातान धाकट्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारतो, कार्ल वाचतो आणि धडधाकट योनातान जातो.

आता बघा, पहिल्या काही पानांतच लिंडग्रेनने केवढं काय मांडलंय. जाणारा होता तो राहिला, राहणार होता तो गेला. शेजारपाजारचे काय बोलतात तेही कार्लला माहीत आहे, की याच्याऐवजी तो धाकटा गेला असता तर. मागे राहिलेल्या मुलाच्या मनातली ही सगळ्यात काळी गोष्ट तिने मुलांच्या पुस्तकात लिहून टाकली, आणि तीही त्याच मुलाच्या तोंडून.

इथे यूनिबाकेन म्हणून तिच्या गोष्टींचं ठिकाण आहे, गोष्टींची छोटी आगगाडी तिच्या बऱ्याच पुस्तकांतून फिरवून आणते, आणि शेवटाकडे लायनहार्ट भाऊ येतात. लहान लहान पोरं मांडीवर बसून आगीचं घर, काटला ड्रॅगन सगळं बघतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं की हे जरा जास्तच होतंय. माझी लेक मात्र उतरल्यावर म्हणाली, परत बसूया.

घाटमाथा

@उत्तरध्रुव ताई, पण त्या पुस्तकाचा शेवट काय आहे ते लिहा ना. मी ऐकलंय त्यावर तिकडे चांगलंच रान उठलं होतं.

उत्तरध्रुव

हो उठलं होतं. (ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचं सोडा.) शेवटी नांगियालात योनातान काटलाच्या आगीमुळे लुळा पडतो, आणि आता कार्ल त्याला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी मारतो, पुढच्या देशात जायला. अनेक टीकाकार तेव्हा म्हणाले की हे मुलांना आत्महत्येचं सुंदर चित्र दाखवणं झालं. दुसरे म्हणाले की हे मरायला टेकलेल्या मुलाच्या भीतीवरचं औषध आहे. काहींचं वाचन असं की पहिल्या उडीनंतरचं सगळं कार्लच्या तापातलं आहे, तो शेवटच्या पानावर त्याच बाकावर मरतो. स्वीडनमध्ये हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि पुस्तक मात्र घराघरात आहे.

मनमोकळी

मी मुलांची समुपदेशक आहे, म्हणून मध्ये बोलते. लायनहार्ट माझंही आवडतं आहे, पण नुकतंच भावंड गेलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ते आत्ता देऊ नका, निदान एकटीला वाचायला तरी नाही. या काळात बरीच मुलं "मला पण दादाकडे जायचंय" असं म्हणतात. बहुतेकदा त्याचा अर्थ मला दादा हवाय एवढाच असतो, तरी ते वाक्य आलं तर हलक्यात घ्यायचं नाही, शांतपणे विचारायचं, म्हणजे काय करावंसं वाटतंय तुला? आणि तसं काही जाणवलं तर लगेच जाणत्या माणसाकडे न्यायचं. अशा वेळी कड्यावरून उडी मारून भावाला भेटता येतं ही गोष्ट नको. दोन-चार वर्षांनी, मोठं कुणी बरोबर बसून वाचेल तर खुशाल.

दुसरं, गोष्टी सांगताना आपण घरात जे बोलतो त्याकडे लक्ष द्या. आपल्याकडे मूल गेलं की सांगतात, देवाला आवडला, देवाघरी गेला, झोपला, तारा झाला. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना कळायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर पूर्ण थांबतं, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि हे कधीतरी सगळ्यांचंच होतं. त्याहून लहान मुलाला "झोपला" सांगितलं की ते रात्री झोपायला घाबरतं. आणि "चांगली मुलं देवाला आवडतात" ऐकलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याने ठरवून वाईट वागायला सुरुवात केली होती. मारामारी, शिव्या, वह्या फाडणं. आईवडील हैराण. त्याचा हिशोब अगदी सरळ होता, मी चांगला झालो तर मलाही नेतील.

तिसरं, अशी मुलं अर्धा तास रडतात आणि मग खेळायला पळतात. मोठ्यांना वाटतं हिला काही वाटतच नाही. तसं नसतं. त्यांना दुःख एकदम सगळं पेलत नाही, थोडं थोडं घेतात. म्हणून घाटमाथा म्हणतात तसं हसवणारं पुस्तकही हवंच. हसली म्हणून ती भावाला विसरली असं तिला कुणी वाटू देऊ नये, एवढं बघा.

चिंचगुळी

मनमोकळी ताई, त्या मुलाचा हिशोब वाचून पोटात कालवलं.

खडीसाखर

मी सहसा फक्त वाचते इथे, पण आज लिहिते. मी चौथीत होते तेव्हा माझा दादा गेला. माझ्यापेक्षा एका इयत्तेने पुढे होता. आमच्याकडे पुस्तकं नवी यायची नाहीत, दादाची मला यायची. तर जूनमध्ये पाचवीची पुस्तकं काढली कपाटातून, तपकिरी कव्हर घातलेली, त्यावर लेबल, लेबलवर त्याचं नाव त्याच्या अक्षरात, निळ्या शाईत, आडनावाच्या शेवटच्या अक्षराची वेलांटी मोठी काढायची सवय होती त्याला. आईने माझ्या नावाची नवी लेबलं लिहून आणली आणि वरून चिकटवायला बसली. मी इतका आरडाओरडा केला की शेजारचे आले. कुणालाच कळलं नाही की मी एवढी का ओरडतेय, सगळ्यांना वाटलं नवी पुस्तकं हवीयेत हिला. शेवटी आजोबा म्हणाले राहू दे, त्याच्या नावाखाली हिचं लिहा. अख्खं वर्ष मी ती दोन नावांची पुस्तकं शाळेत नेली.

आणि घरी येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा, आता आई-बाबांना तूच, त्यांच्यासमोर रडू नकोस हं. मी नाही रडले. सगळे म्हणाले किती समजूतदार पोरगी. आम्ही भांडायचो तेव्हा मी त्याला "मर तू" म्हटलेलं होतं, सगळीच भावंडं म्हणतात, पण ते मी कित्येक वर्षं कुणालाही सांगू शकले नाही. त्या वेळी कुठल्याही पुस्तकात एखाद्या मुलीने भावाला मर म्हटलेलं असतं आणि पुढे कुणी तिला सांगितलं असतं की शब्दांनी कुणी मरत नाही, तर मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपले असते. तेव्हा वाचनवेल ताई, द्या. खूप सुंदर पुस्तक नसलं तरी चालेल पण त्यात त्या मुलीला रागावायची, हेवा करायची, वाईट वागायची मुभा असलेलं द्या.

अस्मानी

❤️ खडीसाखर, लिहिलंस ते बरं केलंस.

मनमोकळी

@खडीसाखर, "मर म्हटलं होतं" हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय. आपल्या मनात आलं म्हणून तसं घडलं, असं त्या वयात खरंच वाटतं मुलांना. मोठ्यांनी न विचारता आपणहून सांगायला हवं की तुझ्या बोलण्याने, तुझ्या मनात आल्याने, तुमच्या भांडणाने काही झालेलं नाही.

गंधसरू

खडीसाखरची पुस्तकं वाचून मला पाथेर पांचालीच आठवली. सिनेमात गेलेल्या मोठ्या बहिणीने, दुर्गाने, चोरलेला हार धाकट्या अपूला नंतर सापडतो आणि तो गपचूप तळ्यात टाकतो, शेवाळ परत जुळून येतं. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत तिथे सोन्याची कुंकवाची डबी आहे. गाव सोडून काशीला जायची बांधाबांध चाललेली असते, अपूला ती डबी सापडते, त्याला कळतं की दीदीवर चोरीचा आळ आला होता तो खरा होता, आणि तो ती घरामागच्या बांबूच्या रानात भिरकावून देतो. आईलाही सांगत नाही.

लहान मुलगा बहिणीसाठी करून करून काय करू शकतो? तिची अब्रू राखू शकतो. अपू तेवढं करतो आणि पुस्तकात कुणालाही ते कळत नाही, फक्त वाचणाऱ्याला. १९२९ चं पुस्तक आहे हो. आणि बंगालीत याची मुलांसाठी वेगळी संक्षिप्त आवृत्ती निघाली, 'आम आँटिर भेंपू' नावाची, १९४० च्या दशकात, सिग्नेट प्रेसने काढलेली, चित्रं तरुण सत्यजित राय यांची. त्याच कामातून त्यांच्या डोक्यात सिनेमाचं बी पडलं. म्हणजे दुर्गा बंगाली पोरांच्या पुस्तकांच्या फळीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तळटीप

वा, डबीचा फरक आठवून दिलात. मला कादंबरीतलं जास्त आवडतं.

कडबाकुट्टी

अवांतर: हॅरी पॉटरमध्ये पण आहे की, जुळ्यांमधला एक

बोरकूट

थांब!!! माझी मुलगी चौथ्या भागावर आहे आणि माझ्या खांद्यावरून वाचतेय.

कडबाकुट्टी

जुळ्यांमधला एक फार विनोदी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिला नमस्कार सांग.

मोरपंखी_मसुदा

पुस्तकाचं नाव सुचवत नाही, मराठीत हे का नाही याबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नात तेही आहे. मी मुलांसाठी लिहिते. एका दिवाळी अंकाला अशीच कथा पाठवली होती, धाकटी बहीण गेलेल्या मुलाची. परत आली, मुलांच्या अंकात दिवाळीत असा विषय नको म्हणून. अंकाचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही अंकाने बहुतेक तेच केलं असतं.

आपल्याकडे मूल गेल्याचं दुःख कवितेत आलंय, नाही असं नाही. गोविंदाग्रजांचं 'राजहंस माझा निजला' घ्या, वाचताना आजही घसा दाटतो. पण ते आईचं दुःख आहे. त्या आईच्या पदराला धरून त्याच खोलीत एखादं दुसरं मूल उभं असेल की नाही? त्या मुलाकडे कुणी बघितलंय? श्यामच्या आईत आई जाते, प्रकाश नारायण संतांच्या 'झुंबर'मध्ये लंपनचे बाबा जातात. आईवडिलांचं जाणं आपण मुलाच्या डोळ्यांतून लिहिलं, आणि मुलाचं जाणं लिहिलं ते आईच्या. मुलाचं जाणं मुलाच्या डोळ्यांतून, तिथे आपली फळी रिकामी आहे. आणि हे अशा समाजात जिथे दोन-तीन पिढ्यांमागे देवी, प्लेग, पटकी यांनी भावंडं गेली नाहीत असं घर शोधावं लागलं असतं! माझ्या आजीला विचारलं की तुम्ही भावंडं किती, तर ती आधी सगळी मोजायची, मग "त्यातली राहिलो चौघं" म्हणायची. तिच्याकडून कुणी ती गोष्ट लिहून घेतली नाही.

दिठी

मोरपंखी, रिकामी म्हणू नका अगदी. आपल्या भाषेतलं सगळ्यात जुनं भावंडांचं दुःख आळंदीला आहे.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, चार पोरं उघड्यावर पडली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. एकमेकांशिवाय त्यांना कुणी नव्हतं. ताटीचे अभंग आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलेत, रुसून दार लावून बसलेल्या दादाला धाकटी बहीण समजावते. मग १२९६ च्या कार्तिकात ज्ञानदेव समाधी घेतात. आपल्या मुलांच्या पुस्तकांत गोष्ट बहुतेक इथे संपते, फुलं, टाळ, जयजयकार. पण नामदेवांनी समाधीचे अभंग लिहिलेत ते काढून वाचा. त्यात निवृत्तिनाथ, जे थोरले आणि वर गुरूही, ते धाय मोकलून रडतात. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावं, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावं, तसं झालंय म्हणतात. एवढा मोठा योगी, त्याला नामदेवांनी रडू दिलं, कुणी त्याला "तुम्ही मोठे, तुम्हीच असं केलंत तर" म्हणत नाही.

आणि पुढे सोपान सासवडला, मुक्ताई तापीकाठी, आणि निवृत्तिनाथ शेवटी त्र्यंबकेश्वरला. थोरला सगळ्यांत शेवटी. तीन धाकटी भावंडं गेल्यावर मागे राहिलेला तो दादा, त्याची गोष्ट मुलांसाठी कुणी लिहील का? भिंत चालवली, रेड्याकडून वेद वदवले, पाठीवर मांडे भाजले, हे सगळं ठेवा, पण हेही लिहा.

मोरपंखी_मसुदा

दिठी, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. निवृत्तिनाथ! यावर खरंच लिहायला हवं. गाथा काढून बसते.

गंधसरू

दिठी ___/\___

घाटमाथा

दिठी, मीही दरवर्षी त्र्यंबकला जातो, पौष वारीला. असा विचार करून पुढच्या खेपेला जाईन.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही हं, मुलीला मुलीसारखं वागवा, "भाऊ गेलेली मुलगी" म्हणून नको.

उत्तरध्रुव

घाटमाथा, यावर एक इंग्रजी पुस्तक आहे, तुमच्या बाजूचं! अ‍ॅनाबेल पिचरचं 'माय सिस्टर लिव्ह्ज ऑन द मँटलपीस', २०११ चं. जेमी दहा वर्षांचा, त्याची बहीण रोझ लंडनच्या बॉम्बस्फोटात गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला ती नीट आठवतच नाही! आणि घरात सगळं रोझभोवती फिरतंय, बापाने तिच्या अस्थींचा कलश फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवलाय, गाडीतून नेताना त्या कलशाला सीटबेल्ट लावतो. आणि शाळेच्या मॅचला आपले आईबाबा येतील का, एवढंच जेमीला हवंय. रडू येत नाही म्हणून त्याला अपराधी वाटतं. बाप पितो, आई निघून गेलीये, धर्मद्वेषाचा भाग आहे, त्यामुळे बारा-तेराच्या पुढच्यांसाठी. पण मला वाटतं हे आईवडिलांनी वाचावं.

तळटीप

या ओघात पीटर पॅनवाल्या जे. एम. बॅरीचं सांगायलाच हवं. तो सहा वर्षांचा असताना, १८६७ मध्ये, त्याचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावर स्केटिंग करताना झालेल्या अपघातात गेला, चौदावा वाढदिवस तोंडावर असताना. डेव्हिड आईचा सगळ्यात लाडका. आई अंथरुणाला खिळली. छोटा जेम्स एकदा तिच्या अंधाऱ्या खोलीत गेला तेव्हा तिने विचारलं, तूच का रे? त्याला वाटलं ती डेव्हिडला विचारतेय, तर तो एकाकी बारीक आवाजात म्हणाला की नाही, तो नाही, मीच आहे फक्त. पुढे तो आईला बरं वाटावं म्हणून डेव्हिडचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ घालत तिच्यासमोर उभा राहिला. हे त्याने स्वतः आईवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, १८९६ च्या. आईला एकच समाधान असायचं की गेलेला मुलगा कायम मुलगाच राहील. आणि १९०४ मध्ये त्याने रंगमंचावर कधीच मोठा न होणारा मुलगा आणला.

आपण पीटर पॅन म्हणजे उडणं, परी, चाच्यांची धमाल म्हणून बघतो. त्या धमालीच्या तळाशी सहा वर्षांचं पोरगं आहे, आईने आपल्याकडे बघावं म्हणून धडपडणारं. खडीसाखर म्हणाली ना, सगळे सांगायचे "आता आईबाबांना तूच", त्याचं टोक म्हणजे हे.

खडीसाखर

मीच आहे फक्त. हे वाक्य मला झोपू देणार नाही आज.

पिंपळपान

ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज कुणी कसं नाही लिहिलं अजून? १९८८ चा जपानी अ‍ॅनिमेशनपट. युद्धात एकटे पडलेले भाऊ-बहीण, लिमलेटच्या गोळ्यांचा डबा, काजवे, छोटी सेत्सुको.

मनमोकळी

पिंपळपान, महान सिनेमा, आणि म्हणूनच सांगते, कार्टून आहे म्हणून मुलांसमोर लावू नका कृपया. मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली होती, तिची क्षमा मागायला म्हणून त्यांनी ती लिहिली. ती मोठ्या माणसाची टोचणी आहे.

वाचनवेल

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय. 'बू' मागवलं, 'अ समर टू डाय' मी आधी स्वतः वाचणार. लायनहार्ट सध्या कपाटाबाहेर, मनमोकळींचं ऐकून. खडीसाखर, तुझा प्रतिसाद त्या आईला दाखवू का? नाव अर्थातच नाही सांगणार.

एक अडचण उरलीये. बाकीची मुलं. ती आली की सगळी गप्प होतात, एकाने तर तिच्यासमोर स्वतःच्या दादाची तक्रार अर्धवट गिळली. पुस्तक तिला एकटीला देऊ की सगळ्यांना मिळून वाचून दाखवू?

खडीसाखर

दाखव ना ताई, नक्की दाखव.

आणि सगळ्यांसमोर वाचायचं असेल तर आधी तिला विचार. मला न विचारता आमच्या बाईंनी वर्गात दादावर बोलून सगळ्यांना उभं राहायला लावलं होतं, मला बाकाखाली जावंसं वाटलं होतं.

मनमोकळी

+१. तिला आणि तिच्या आईला विचारून. ती नको म्हणाली तर पुस्तक नुसतं कपाटात ठेवा, खालच्या फळीवर, तिचा हात पोचेल असं. आणि बाकीच्या मुलांना ती नसताना सांगून ठेवा की तिच्यासमोर आपापल्या दादा-ताईच्या तक्रारी करायला काही हरकत नाही, तिच्या दादाचं नाव घ्यायलाही नाही. मुलं गप्प होतात ती आपल्याला बघून.

घाटमाथा

आणि त्याच फळीवर फास्टर फेणे. पूर्ण संच माझ्याकडून. पत्ता विपुत (वैयक्तिक निरोपात) कळवा.

तळटीप

'किरा-किरा'ची माझी प्रत पण घ्या मग, दोन-तीन वर्षांनी लागेल तिला. समासात पेन्सिलने खुणा आहेत, त्या खोडून पाठवतो.

वाचनवेल

खोडू नका, राहू देत. दोघांनाही विपु केलीये.

मोरपंखी_मसुदा

दिठी, समाधीचे अभंग वाचायला घेतले. मुक्ताईचं वय त्या वेळी सतराच्या आसपास धरायचं ना? कथा तिच्या बाजूने सांगावी की निवृत्तीच्या, यावर तुमच्याशी बोलायचंय. नवा धागा काढते.